अठरा गुंठ्यांचं अंगण

उभ्या जन्मात मी एकाच ठिकाणी शांत बसलो असेन, ते पुण्याच्या कॉलेजात. तेही बसलो नव्हतो, झोपलो होतो. आमचे तर्कशास्त्राचे प्राध्यापक इतके संथ बोलत की सोमवारी सुरू केलेल्या वाक्याचं क्रियापद गुरुवारी हाती लागायचं. माझ्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याने फर्स्ट इयरला डुलकी घ्यायला मान टाकली, ती इंटरच्या फॉर्मवर सही करायलाच वर केली. गणिताचे प्राध्यापक फळ्याकडे तोंड करून शिकवत. दोन वर्षांत मला त्यांचा चेहरा दिसला नाही. रस्त्यात समोरून आले असते तर मी ओळख दिली नसती. पाठमोरे मात्र हजारांत ओळखले असते.

वर्गाबाहेर माझ्या पायांना स्वस्थता नव्हती. खोलीत बसलो की टेकडी आठवायची, टेकडीवर गेलो की नदी, नदीवर गेलो की खोली. पुस्तक उघडलं की पहिल्याच पानावर प्रश्न पडे, की हे मला कोण विचारणार आहे आणि मी कुणाला सांगणार आहे? उत्तर मिळेना, म्हणून पुस्तक मिटे. असं करत करत दुसऱ्या वर्षाच्या शेवटी एक दिवस ट्रंक उचलली आणि गाडीत बसलो. आमच्या कर्जत स्टेशनात पुण्याकडे निघालेल्या गाडीला मागून जादा इंजिन लावतात, घाट चढवायला. वडिलांनी मला तसंच मागून रेटून वर चढवलं होतं. उतरताना कुणाची मदत लागली नाही.

वडील मामलेदार कचेरीत नक्कल कारकून. जमिनीचे उतारे नकलून द्यायचे, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. त्यांचं अक्षर असं की लोक उतारा भिंतीला टांगत. ट्रंक दारात दिसली तेव्हा ते जेवून हात धूत होते.

"सुट्टी?" त्यांनी विचारलं.

"सोडलं."

"काय सोडलं?"

"कॉलेज. तत्त्वाचा प्रश्न होता."

तत्त्व कुठलं, हे त्यांनी विचारलं नाही. हात कोरडे केले, पंचा दोरीवर टाकला आणि म्हणाले, "बावीस वर्षं मी साहेबाच्या टेबलापाशी उभा आहे. बावीस वर्षांत एकदा कुणी 'बसा' म्हटलेलं नाही. तू बी.ए. होणार, त्याच टेबलासमोर खुर्ची ओढून बसणार, एवढं मला एकदा बघायचंय. मग ती खुर्ची फोडून चुलीत घातलीस तरी चालेल."

खुर्चीत बसलो की माझ्या अंगाला मुंग्या येतात, हे बापाला कोणत्या तोंडाने सांगायचं?

पंधरा दिवस मी घरात असा फेऱ्या मारत होतो की आईने माझ्या हातात दळणाचा डबा देऊन मला जात्यालाच जुंपायचं तेवढं बाकी ठेवलं. तेवढ्यात बातमी आली की खालापूर तालुक्यातल्या एका गावचे मास्तर, लढाईमुळे देवळालीला कारकुनी निघाली म्हणून, शाळा टाकून गेले आहेत. एक मास्तर, चार इयत्ता, स्कूल बोर्डाला कुणीही चालणार होतं. मी अर्ज केला. मला हंगामी घेतलं. दिपोटीसाहेब, म्हणजे शाळा तपासणारे अधिकारी, पौषात येणार. त्यांचा शेरा चांगला पडला तर कायम, नाही तर नमस्कार.

वडिलांनी लगेच अट घातली. "कायम झालास, तर कॉलेजचं नाव काढणार नाही. नाही झालास, तर जूनमध्ये पुणे. ट्रंक उपसू नकोस. आहे तशी भरलेली घेऊन जा."

म्हणून पळसदरीच्या पलीकडे दोन ओढे आणि एक खिंड ओलांडून मी त्या गावात पोचलो, तो भरलेली ट्रंक डोक्यावर घेऊन. गावाने मला पाहिलं आणि मनाशी काय ते ठरवून टाकलं. बेचाळीसची चळवळ होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. कॉलेज सोडून आलेला तरुण म्हणजे तुरुंगातूनच आलेला, यात गावाला शंका नव्हती. पाटलांनी हळूच विचारलं, "येरवड्याला जेवन कसं असतंय?" मी आमच्या खानावळीचं वर्णन केलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी खोटं बोललो नाही; त्यांनी विचारलेलं एक आणि मी सांगितलेलं दुसरं, एवढंच. पहिला आठवडाभर मला रोज कुणाच्या ना कुणाच्या घरून तांदळाची भाकरी येत होती.

शाळा म्हणजे देवळामागची कुडाची एक खोली, पुढे अंगण, आत एक फळा आणि एक खुर्ची. खुर्चीवर मी ट्रंक ठेवली आणि उभ्याने शिकवायला लागलो. उभ्याने म्हणजे चालत. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, पुन्हा या भिंतीपर्यंत. तुम्हाला खोटं वाटेल, पण महिन्याभरात सारवलेल्या जमिनीला पाट पडला. आषाढात छप्पर गळायचं तेव्हा त्या पाटाने पाणी सरळ दाराबाहेर जाई आणि पोरं त्यात कागदाच्या होड्या सोडत. जमीन सारवायला एक बाई येई. चौथीतल्या एका मुलीची आई. गावातल्या भाताची लावणी करणाऱ्या बायांची ती मुकादमीण होती, सगळे तिला काकी म्हणत. पाट भरून काढताना ती दर शनिवारी म्हणायची, "गुरुजी, येका जागी बसा की वाईच! का तुमच्या पायाला भवरा हाय?"

"विचार करतोय, काकी."

"मंग उबं ऱ्हाऊन करा. माज्या कमरंचा काटा ढिला झाला तुमच्या इचारानं."

विचार खराच चालू होता. शिकवायचं कसं, हेच मला कळेना. पोरं पावकी, निमकी, पाऊणकीचे पाढे अशा आवाजात म्हणत की झाडावरचे कावळे उडून जात, पण "पाऊण म्हणजे किती?" असं विचारलं की सगळी माझ्या तोंडाकडे बघत, जणू मीच काही वंगाळ बोललो. मी कॉलेजात ऐकलेल्या नव्या पद्धती काढल्या. पृथ्वी गोल आहे हे दाखवायला लाल भोपळा आणला, त्यावर कोळशाने समुद्र काढले, पुण्याच्या जागी खिळा ठोकला. दुसऱ्या दिवशी सकाळी पृथ्वी गायब. संध्याकाळी पाटलांच्या घरून वाटीभर भाजी आली. चवीला बरी होती. आफ्रिकेकडचा भाग जरा कच्चा राहिला होता.

चौथीला क्षेत्रफळ होतं. दिपोटीसाहेब तेच विचारतात अशी त्यांची ख्याती होती, म्हणून मी सगळा जोर तिथे लावला. फळ्यावर चौकोन काढला. "हे शेत. लांबी इतकी, रुंदी इतकी."

काकीची मुलगी पुढेच बसे. नाकात चमकी, पाटीला टेकवलेली हनुवटी. तिने विचारलं, "कोनाचं शेत, गुरुजी?"

"कुणाचंच नाही. समजायचं."

"कोनाचंच नाय, तं मोजायचं कशाला?"

वर्ग हसला. मी रागावलो आणि पाठ फिरवली. हाच प्रश्न मी पुण्यात दोन वर्षं मनात घोळवत होतो. आणि आता मी स्वतःच फळ्याकडे तोंड करून उभा होतो.

आषाढाच्या मध्यावर एक दिवस शाळेत गेलो तर आत एक कुत्रं आणि मी. पटावर एकोणतीस मुलं, हजर शून्य. लावणी सुरू झाली होती. मी तसाच निघालो. धोतर वर खोचलं, छत्री उघडली आणि बांधावरून ओरडत गेलो. काकीच्या टोळीत पाच बाया आणि दोन पोरी, सगळ्या डोक्यावर पानांची इरली घेऊन वाकलेल्या. पोरींतली एक काकीची मुलगी.

"काकी! पोरींना शाळेत पाठवा. तपासणी आहे यंदा!"

काकीने मान वर केली नाही. हातातली रोपं चिखलात खोचत म्हणाली, "घ्या की. आदी येक हिशेब सांगा. ह्ये खाचर सा बायांचं."

"सहा बायांचं म्हणजे?"

"म्हंजी सा बाया लागल्या तं सांजंला लावून व्हतंय. रानाचा मालक शेट, त्याच्या भाषेत बारा गुंठं. बाई दिसाला दोन गुंठं लावती. आता बगा, पाच आमी. दोन पोरी. पोर म्हंजी आर्दी बाई. झाल्या किती?"

"सहा."

"तुमी पोरी नेल्या. मंग सांजंला किती रान उगडं ऱ्हाईल?"

आता खरं सांगतो. मी इंटरपर्यंत गेलेला माणूस. मी मनातल्या मनात त्या खाचराला क्ष धरलं. मग बायांना य धरलं. मग पोरींना काय धरावं हे सुचेना, कारण अक्षरं कमी पडायला लागली. पाऊस छत्रीवर वाजत होता, उजवा पाय बांध सोडून चिखलात जात होता, घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत. बाया वाकल्या वाकल्या खुसखुसत होत्या.

काकीची मुलगी न राहवून म्हणाली, "येका बाईचं, गुरुजी! सा भागांतला येक भाग!"

"बराबर," काकी म्हणाली. "मंग असं करा. पोरी जाऊन बांधावं बसत्यात. तुमी उतरा त्यांच्या बदली."

मी उतरलो. सांगायला सोपं आहे. त्या चिखलाने माझी एक वहाण जी गिळली ती अजून परत दिलेली नाही. मला वाटतं ती आता पाताळगंगेच्या तळाशी असेल. वाकून वाकून माझी पाठ अशी आखडली की दोन दिवस मी गावातल्या प्रत्येकाला नमस्कार करतोय असं लोकांना वाटलं. पोरी बांधावर बसून माझी रोपं मोजत होत्या आणि मोठमोठ्याने सांगत होत्या, "आये, गुरुजींची वळ पुन्ना वाकडी!"

संध्याकाळी काकी कमरेवर हात ठेवून खाचराकडे बघत उभी राहिली. मग माझ्याकडे बघितलं.

"आर्दी बी नाय," ती म्हणाली. "पोरींपरीस कमी. पाव. गुरुजी म्हंजी पाव बाई."

"मंग पाऊन बाईचं उगडं ऱ्हायलं, आये!" मुलगी बांधावरून ओरडली.

मी तिथेच उभा राहिलो. पाऊण! जून महिन्यापासून ज्या पाऊणसाठी मी घसा फोडत होतो, ते पाऊण ती पोर एका नजरेत बोट दाखवून सांगत होती. उघडं राहिलेलं पाणी तिथे समोर चमकत होतं. तेवढं पाऊण.

त्या रात्री, नाही, रात्र कशाला, त्याच संध्याकाळी ओल्या धोतराने मी फळा पुसून काढला. दुसऱ्या दिवशीपासून आमच्या शाळेत बायांचं गणित सुरू झालं. पोरं लावणीवरून दुपारी परत येत, चिखलाच्या पायांनी. मी फळ्यावर खाचर काढायचो, पण नाव देऊन: हे पाटलांचं ओढ्याकाठचं, हे देवळाचं, हे खिंडीखालचं. आठ बायांचं खाचर, तीन बाया तापाने आजारी, चार पोरी मिळाल्या, काय उरेल? एक बाई दुपारपर्यंत लावते आणि मग पोराला पाजायला घरी जाते. ती किती धरायची? कोण निम्मी, कोण सवाई, यावर वर्गात हाणामाऱ्या झाल्या. दुसरीतला एक मुलगा आपल्या आजीला दीड बाई म्हणायचा आणि कुणी एक म्हटलं की दगड उचलायचा. मला मात्र सगळा वर्ग एकमताने पाव धरत असे. "गुरुजी नि तीन पोरी, म्हंजी किती?" "पावणेदोन!" असा गजर व्हायचा.

मला आनंद झाला होता, पण स्वस्थता नव्हती. पाट उलट खोल होत चालला. एक फेरी मारताना वाटे, मिळालं, हेच ते, यासाठीच मी घाट उतरलो. परत येताना वाटे, हे गणित आहे का? दिपोटीसाहेब येऊन गुंठे विचारतील, फूट विचारतील, वार विचारतील. ते कधी शिकवणार? पुढच्या आठवड्यात, असं मी स्वतःला सांगायचो. श्रावणात सांगितलं, भाद्रपदात सांगितलं. कापणी झाली, झोडणी झाली, तरी पुढचा आठवडा काही उगवला नाही. वर मी महिन्याच्या अहवालात झोकात लिहून पाठवत होतो: 'क्षेत्रमापन सोदाहरण पूर्ण.' सोदाहरण खरंच होतं. उदाहरणं सगळी गावात हिंडत होती.

पौषात दिपोटीसाहेब आले. बैलगाडीतून, काळा कोट, लाल फेटा, मागे पट्टेवाला आणि त्याच्या काखेत फुटांची फीत. गृहस्थ इतके उंच की दारातून आत येताना ते तीन ठिकाणी वाकले. आणि आत पाऊल टाकलं ते नेमकं माझ्या पाटात. एक हात हवेत, एक हात माझ्या खांद्यावर.

"हे काय आहे?"

"पाट, साहेब."

"शाळेत पाट?"

"पाणी जायला," मागून काकीची मुलगी म्हणाली. मास्तरांची बाजू घ्यायची म्हणून म्हणाली बिचारी. साहेबांनी मला नखशिखांत न्याहाळलं.

ते खुर्चीत बसले. त्यासाठी मला ट्रंक खाली ठेवावी लागली. कविता झाली, शुद्धलेखन झालं. भूगोलात एका पोराने पृथ्वी भोपळ्यासारखी आहे आणि शिजवल्यावर गोड लागते असं सांगितलं, तेही पचलं. मग साहेब म्हणाले, "चौथी. क्षेत्रमापन. अहवालात पूर्ण लिहिलंय." आणि बोट नेमकं पुढे बसलेल्या मुलीकडे. "तू. शाळेपुढचं अंगण केवढं आहे?"

तिने दारातून बाहेर पाहिलं. डोळे बारीक केले. "दोन बायांचं, सायेब. दुपारपावेतो."

पट्टेवाल्याच्या काखेतली फीत खाली पडली.

"कुणाचं?"

"कोनाचं नाय. सरकारचं. पर दोन बाया लागत्याल, दुपारपावेतो. चिखल चांगला आसंल तं."

साहेब माझ्याकडे वळले. "मास्तर, ही काय भानगड?"

मी समजावून सांगायला लागलो. बाई म्हणजे परिमाण, पोर म्हणजे निम्मं परिमाण, आणि मी... इथे मी थांबलो. साहेबांनी हात वर केला. पट्टेवाल्याला अंगण मोजायला पाठवलं. तो मोजून आला: लांबी सहासष्ट, रुंदी तेहतीस. "आता गुंठ्यांत सांगा," साहेब म्हणाले. मुलीला नव्हे, मला. "तुम्ही. कॉलेजात होतात ना?"

फळ्याशी गेलो. सहासष्ट गुणिले तेहतीस, दोन हजार एकशे अठ्ठ्याहत्तर. गुंठा म्हणजे एकशे एकवीस, हे कॉलेजच्याही आधीपासून डोक्यात पक्कं होतं. भागाकार केला आणि, काय सांगू, असा सुंदर, निःशेष भाग गेला! बाकी शून्य. ज्याला आयुष्यात कधी निःशेष भाग गेला नाही त्यालाच त्या शून्याचा आनंद कळेल. मी खडू खाली ठेवला, वळलो आणि छाती काढून म्हणालो, "अठरा गुंठे!"

काकीच्या मुलीने तोंडावर हात धरला. पण हसू बोटांतून बाहेर आलं.

"काय झालं गं?" साहेबांनी विचारलं.

"अठरा गुंठं, सायेब? माजी आये दिसाला दोन गुंठं लावती. अठरा म्हंजी नऊ बाया, आख्खा दीस!" तिने दाराकडे हात केला. "त्या आंगनात? नऊ बाया? त्या येकमेकींच्या पायावं रोपं लावतील!"

आधी पट्टेवाला हसला. मग अख्खी शाळा. दुसरीतला तो मुलगा ओरडला, "आनि आजी आली तं साडेधा व्हत्यात!"

"मग किती?" साहेब ओरडले, हशाच्या वर आवाज काढायला.

"दोनच की. आयेचा येक दीस."

साहेबांनी माझा फळा पाहिला. मग स्वतः उठले, पाट ओलांडला आणि खडूने मी लिहिलेल्या एकशे एकवीसखाली एकच शब्द लिहिला: वार. चौरस वार. अंगण मोजलं होतं फुटांत. मी फुटांना वारांनी भागून मोकळा झालो होतो, आणि शून्य बाकी बघून नाचत होतो.

त्यांनी शेरा तिथेच, त्या खुर्चीत बसून लिहिला. पण वाचायला दिला नाही. जाताना दारात तीन ठिकाणी वाकले आणि मुलीला विचारलं, "मास्तर किती बाया?"

"पाव, सायेब."

"हं," ते म्हणाले, आणि गाडीत बसले.

दोन महिने मी कसे काढले ते माझ्या पायांना विचारा. पाट गुडघ्याइतका झाला. काकी म्हणाली, "आता यात भात लावूया." पण या वेळी मी नुसता चाललो नाही. साहेब गेल्याच्या दुसऱ्या दिवशी तेहतीस फुटांची दोरी केली, पोरांना अंगणात नेलं आणि जो पुढचा आठवडा कधी उगवत नव्हता तो एका दुपारी उरकून टाकला. दोरीभर लांब, दोरीभर रुंद, तो गुंठा. आईचा अर्धा दिवस. पोरांना दोन वेळा सांगावं लागलं नाही. मला मात्र मी ते स्वतःच दहा वेळा चालून बघितल्यावर समजलं.

शेरा चैत्रात आला, बोर्डाकडून वडिलांच्या कचेरीत, कारण अर्जावर मी तोच पत्ता दिला होता, आणि वडील तो घेऊन स्वतः शाळेत आले. बैलगाडी घेऊन. गाडी कशासाठी, हे मला विचारावं लागलं नाही. ट्रंक भरलेलीच होती. वडिलांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत, सवयच नव्हती. उभ्यानेच, पोरांसमोर, कचेरीतल्या आवाजात त्यांनी वाचून दाखवलं:

"'विद्यार्थ्यांस क्षेत्रमापन उत्तम येते. शिक्षकास येत नाही. असे कसे झाले, याचा शोध व्हावा. शिक्षकास कायम करू नये. ट्रेनिंग कॉलेजात दोन वर्षे पाठवून परत याच शाळेवर नेमावे.'"

कॉलेज! पुन्हा कॉलेज! मी ज्यापासून घाट उतरून पळालो तेच चारी वाटांनी दारात येऊन उभं. मी फेरी मारायला लागलो.

"एका जागी उभा राहा," वडील म्हणाले. "कायम केलेलं नाही. तुझी-माझी अट काय होती? गणित येत नाही हे सांगायला एवढा मोठा साहेब लागला? इंटरला नापास झालास तेव्हा कॉलेजने हेच सांगितलं होतं."

झालं. तत्त्वाचा प्रश्न संपला. एकोणतीस तोंडं माझ्याकडे वळली. तुरुंग, चळवळ, भाकऱ्या, सगळं त्या एका वाक्यात वाहून गेलं.

"म्हंजी गुरुजी बी नापास?" दुसरीतल्या मुलाने विचारलं. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद मी कधी पाहिला नव्हता.

वडिलांनी शेऱ्याची घडी घातली, पण खिशात ठेवली नाही. मग पुढेच बसलेल्या काकीच्या मुलीला विचारलं, "तू काय सांगितलंस साहेबाला?"

तिने सांगितलं. वडील ऐकत होते. मग जरा चाचरत, साहेबांसमोर बोलायचे तसं, म्हणाले, "गुंठा म्हणजे... केवढा असतो गं, प्रत्यक्षात?"

मी थबकलो. बावीस वर्षं हा माणूस गुंठे लिहीत होता. तालुक्यातला एकेक बांध त्यांच्या दौतीतून गेला होता. सावलीत, टेबलापाशी, उभ्याने.

मुलगी दोरी घेऊन अंगणात गेली. टाच मातीत घासत घासत चार बाजू ओढल्या. "ह्यो बगा, आजोबा. आयेचा आर्दा दीस."

वडिलांनी चपला काढल्या. का काढल्या ते देवाला ठाऊक. त्या रेघेवरून चालायला लागले. एक बाजू, दुसरी बाजू, तिसरी. चौथी संपल्यावर पुन्हा पहिली. ऊन होतं, डोक्यावर टोपी होती, ओठ हलत होते. काहीतरी नकलून घेत असल्यासारखे. मला त्या क्षणी कळलं की माझ्या पायांतला भवरा आला कुठून.

चालणं झाल्यावर ते गाडीवानाला म्हणाले, "ट्रंक राहू दे." आणि मला म्हणाले, "बी.ए.चं नाव काढत नाही. ते दुसरं कॉलेज आहे ना, तिथे जा. जून लागेल तेव्हा. परत इथेच नेमावे असं लिहिलंय, माझ्या डोळ्यांनी वाचलंय. नक्कल काढून ठेवतो."

ती नक्कल पुढे दोन वर्षांनी कामी आली. बोर्ड मला उरणला पाठवत होतं. वडिलांचं अक्षर टेबलावर ठेवलं आणि मला तीच शाळा, तोच फळा, तीच खुर्ची परत मिळाली. काकीची मुलगी तोपर्यंत टोळीत पुरी एक बाई झाली होती, आणि सांजच्याला शाळेत येऊन चौथीला गुंठे शिकवायची.

मधली दोन वर्षं ट्रेनिंग कॉलेजात. पहिल्याच महिन्यात आमच्या प्राध्यापकांनी क्षेत्रमापनाचा आदर्श पाठ घेतला. फळ्यावर चौकोन काढला आणि म्हणाले, "हे शेत. समजा." माझा हात आपोआप वर गेला.

"काय?"

"चिखल कसा आहे, सर?"

त्यांनी मला वर्गाबाहेर काढलं. मग पुढेही बऱ्याचदा काढलं. बाहेर लांबच लांब व्हरांडा होता, त्यात मी या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारायचो. शहाबादी फरशी होती. दोन वर्षं चाललो, पण पाट काही पडला नाही.